चौदा किलोची खिडकी

खिडकी पडली तेव्हा मी विंगेत चहा गाळत होते. आवाज एवढा मोठा झाला की गाळणी पातेल्यात पडली.

आमच्या नाटकात भिंत नाही, नुसती खिडकी आहे. चार फूट रुंद, पाच फूट उंच, सागवानी, कुठल्याशा पडक्या वाड्यातून भंगारात आलेली. ती रंगमंचाच्या मधोमध अधांतरी लटकते आणि नाटकातली म्हातारी तिच्यातून अख्ख्या गावाशी भांडते. ही कल्पना दिग्दर्शकांना रात्री अडीच वाजता सुचली आणि अडीच वाजताच त्यांनी ती ग्रुपवर टाकली. थर्माकोलची करू, असं मी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "ताई, थर्माकोलवर हात आपटला तर आवाज काय येईल?" यावर मी काय बोलणार. भंगारवाल्याच्या काट्यावर खिडकी १४ किलो भरली.

बांधायचं काम मी मागून घेतलं होतं. अमळनेरला आमची हौशी नाट्यसंस्था आहे. तिथे बायकांच्या वाट्याला अभिनय, कपडेपट आणि चहा. दिवसभर पतपेढीत कॅश मोजून आल्यावर मला पाठ केलेली वाक्यं आठवत नाहीत, म्हणजे अभिनय बाद. कपडेपटात दोघी आधीच होत्या. माझं माहेर रावेर तालुक्यात, केळीवाल्यांचं घर. घड धरला की केळीचं झाड एका अंगाला झुकतं. त्याला टेकू द्यायचा नाहीतर पट्टीनं शेजारच्या झाडाला जखडायचं, हे मी दहाव्या वर्षापासून केलेलं. मे-जूनच्या वादळात कुणाची बाग आडवी झाली आणि कुणाची उभी राहिली, यावर आमच्याकडे पावसाळाभर चर्चा चालायची. तेव्हा दोरी बांधणं आपल्याला येतं, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती. शिवाय शाळेत गाइडला होते. क्लोव्ह हिच म्हणजे काठीला दोन वेढे घालून एकमेकांखाली दाबायचे, हे मला झोपेतसुद्धा आलं असतं.

तालमीच्या हॉलमध्ये वर एक लोखंडी पाइप होता, ऑइलपेंट मारलेला. मी कोरा करकरीत नायलॉनचा दोर आणला, शिडीवर चढले, दोन्ही बाजूंना दोन क्लोव्ह हिच मारल्या आणि खाली येऊन हात झटकले. आठ दिवस खिडकी छान लटकली. नवव्या दिवशी म्हातारीच्या पायापासून वीतभर अंतरावर तिचा डावा कोपरा जमिनीत घुसला.

कुणाला लागलं नाही. एवढंच लिहून मी पुढे जाते, कारण त्या दहा मिनिटांबद्दल मला अजून नीट बोलता येत नाही.

नंतर शिडीवर चढून पाहिलं. दोर तुटला नव्हता. दुसऱ्या बाजूची गाठ अजून पाइपावर होती, पण तिचं मोकळं टोक बोटभरच उरलं होतं. मी बांधताना ते हातभर सोडलं होतं! म्हणजे गाठ एकदम सुटली नव्हती, ती चालत गेली होती. म्हातारी खिडकीवर हात आपटायची, खिडकी डुलायची, आणि प्रत्येक हेलकाव्याला दोर गुळगुळीत पाइपावरून दोऱ्याएवढा सरकायचा. क्लोव्ह हिच खरखरीत खुंट्यावर, एकाच दिशेनं सारख्या ताणात चांगली धरते. गुळगुळीत पाइप, गुळगुळीत नायलॉन आणि वर हलणारं वजन, हे तिन्ही एकत्र आले की ती एकटी पुरत नाही. गाइडच्या तासाला आम्ही ती काठीवर बांधायचो, बाई तपासायच्या, आणि आम्ही सोडून टाकायचो. आठ दिवस तिच्याकडून काम करून घ्यावं लागलंच नव्हतं कधी.

"बायंडिंग वायरनं बांधून टाकू," असं एकानं सुचवलं. सळईला सळई धरून ठेवण्यापुरती ती वायर. पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. मी नाही म्हटलं. मग आमचा लाइटवाला म्हणाला, "ताई, बोरी नदीच्या काठी एक आबा आहेत. तमाशाचे तंबू उभारायचे. त्यांना विचारा."

आबा दारातल्या कडुलिंबाखाली बाज विणत बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, बोटं मात्र माझ्यापेक्षा सरळ. तीसेक वर्षं फडाबरोबर फिरलेले. तंबू, कनाती, स्टेजचा पडदा, बत्त्यांचे खांब, सगळं दोरावर. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरीच्या पात्रात तंबू लागायचे, तेव्हा वाळूत खुंटी धरत नाही म्हणून ते लाकडाचा ओंडका आडवा पुरून त्याला ताण द्यायचे. हे सगळं नंतर कळलं. पहिल्या दिवशी त्यांनी माझी सगळी हकिगत ऐकून घेतली, हातभर दोर माझ्याकडे फेकला आणि म्हणाले, "बांध."

बाजेच्या पायाला मी बांधली. या वेळी चांगली घट्ट, वर आणखी दोन गाठी. आबांनी दोराचं दुसरं टोक हाताला गुंडाळलं, पाय बाजेला लावला आणि अंगातल्या सगळ्या जोरानं ओढलं. गाठ हलली नाही. मी खूश.

"आते सोड."

नखानं उकरलं, दातानं ओढलं. गाठ सुपारीसारखी बसली होती. आबा पुन्हा विणायला लागले. दहा मिनिटांनी मान वर न करता म्हणाले, "जे सोडता येत नही ते बांधानं नही, माय."

मला ते पटलं नाही. आमच्या आजीच्या बोलण्यात निरगाठ हे कौतुक होतं आणि सुरगाठ म्हणजे ढिलेपणा. पक्कं काम म्हणजे निरगाठ. पिशवी असो, पोतं असो की लग्न असो. आबांचं म्हणणं असं की तंबूवाल्याला रात्री वावटळ आली तर कापड मिनिटात खाली घ्यावं लागतं. दोर पावसानं भिजून फुगलेला असतो, ताण असतो, अंधार असतो. तेव्हा गाठ सुटली नाही तर वारा कापडासकट खांब घेऊन जातो, आणि खांबाखाली माणसं असतात. गाठीनं आपणहून सुटायचं नाही आणि आपण सोडायला गेलो की हट्ट करायचा नाही. त्यांच्या हिशेबी माझ्या दोन्ही गाठी सारख्याच वाईट होत्या: एक न विचारता सुटली, दुसरी विचारूनही सुटेना.

मग तीन आठवडे मी रोज पतपेढी सुटल्यावर तासभर बोरीकाठी जात होते.

पहिले चार दिवस गाठ नाहीच. फक्त दोर. दोराला पीळ असतो आणि गुंडाळी पिळाच्या बाजूनंच करायची. नेहमीच्या तीन पदरी दोराची घड्याळाच्या काट्याप्रमाणे; उलटी केली की त्याला आतल्या आत पीळ बसतो आणि ऐन वेळी आठाचे आकडे पडतात. टोक उघडं ठेवायचं नाही. सुती दोराचं टोक दोऱ्यानं गच्च आवळून बांधायचं, नायलॉनचं मेणबत्तीवर वितळवायचं. आणि बांधायच्या आधी सबंध दोर मुठीतून ओढून घ्यायचा, डोळे मिटून. कुठे मऊ पडलाय, कुठे पदर कापलाय, कुठे उन्हानं करकरीत झालाय, ते हाताला लागतं. या कामाला मी नाकं मुरडली. तिसऱ्या दिवशी आमच्याच कपडेपटातल्या निळ्या प्लॅस्टिकच्या दोरीवरून मूठ फिरवली तर तळहाताला निळी पूड लागली. दोन उन्हाळे ती गच्चीवर होती. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ पर्यंत जातो, माणसं सावलीला पळतात, दोरी कुठे पळणार. ऊन खाऊन खाऊन असली दोरी आतून मरते आणि दिसायला मात्र ठीक दिसते.

आबांना गाठींची नावं माहीत नव्हती. "ही", "ती" आणि "यात्रेवाली", एवढ्या तीनच. मी घरी जाऊन मोबाइलवर चित्रं बघून त्यांची इंग्रजी नावं शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सांगायचे. ते ऐकून घ्यायचे आणि विसरून जायचे.

"ही" म्हणजे पाइपाला एक पूर्ण वेढा, म्हणजे दोर पाइपाभोवती दोनदा फिरलेला, आणि मग ताणलेल्या दोरावर दोन अर्ध्या गाठी. दिसायला एकदम मामुली. पण वजन घेतो तो वेढा, घर्षणानं. मागच्या दोन गाठी फक्त पहारा देतात. म्हणून त्या कधी आवळून बसत नाहीत आणि वजन लटकलेलं असतानाही, दोर हातात धरून, सावकाश सोडता येतात. खिडकीला पाइपाशी हीच गाठ हवी होती. इंग्रजीत हिचं नाव म्हणजे तिची नुसती कृतीच आहे, एक वेढा आणि दोन अर्ध्या गाठी. ते मात्र आबांना आवडलं.

"ती" म्हणजे बोलाइन. दोराच्या टोकाला न आवळणारा फासा. खिडकीच्या वरच्या चौकटीत मी दोन जाड कड्या बसवून घेतल्या होत्या, त्यांच्यात ही. हिच्यावर माझा आठवडा गेला. लहानसा वळसा करायचा, टोक त्यातून खालून वर काढायचं, ताणाच्या दोरामागून फिरवायचं आणि परत त्याच वळशात खाली सोडायचं. आबांच्या भाषेत विहीर खोदणारा गडी विहिरीतून वर येतो, लिंबामागे जाऊन बिडी ओढतो आणि परत विहिरीत उतरतो. सोपं वाटतं. पण सुरुवातीचा वळसा करताना मोकळं टोक ताणाच्या दोराच्या वरून यायला हवं. माझं खालून यायचं. मग गडी अगदी शिस्तीत विहिरीतून येतो, बिडी ओढतो, परत उतरतो, आणि ओढलं की सगळी विहीरच गायब. हातात नुसता सरळ दोर. आबा हसायचे. दिवसातून वीस वेळा हसायचे.

शिवाय गाठ झाली की तिला सोडून द्यायचं नाही. पदर एकमेकांवर चढलेत का पाहायचं, बोटानं सारखे करायचे, मग चारही बाजूंनी ओढून ती बसवायची आणि मागे चांगलं हातभर टोक ठेवायचं. मी टोक नेहमी आखूड ठेवायचे, नीटनेटकं दिसावं म्हणून. कॅशियरची सवय, काही वाया जाऊ द्यायचं नाही.

घरी सराव चालूच. कपाटाच्या मुठी, गॅसच्या शेगडीचा पाय, नवऱ्याच्या खुर्चीचा हात. एकदा ते उठले आणि खुर्ची बरोबर आली. लाइट गेले की मी मुद्दाम मेणबत्ती लावायची नाही, कारण विंगेत तसाच काळोख असतो. आबांनी सांगून ठेवलं होतं, "डोयाले नही, हातले कयाले पाहिजे." डोळ्यांना नाही, हाताला कळलं पाहिजे. पंधराव्या-सोळाव्या दिवशी पतपेढीत एका खातेदाराशी बोलता बोलता खाली पाहिलं, तर नोटांचं बंडल बांधायच्या सुतळीत बोलाइन झालेली होती. बरोबर झालेली. मी ती तशीच ड्रॉवरमध्ये ठेवली.

दोर आणायला जळगावला गेले. चार दुकानं फिरले. नायलॉन ताकदीचा, पण ताणतो; वजन लावलं की खिडकी आज इथे आणि उद्या चार बोटं खाली. प्लॅस्टिकचा स्वस्त, पण निसरडा आणि घासला की तापून वितळणारा. सुती दोर हाताला गोड, पण ओलावा धरतो. चौथ्या दुकानदारानं पोटमाळ्यावरून मनिला दोराचं भेंडोळं काढलं. पिवळसर, खरखरीत, वासाला गवतासारखा. नाटकाच्या जगात, पडदे हातानं ओढायच्या काळापासून, हाच दोर चालत आलाय. तिकडे युरोपात हे काम पूर्वी किनाऱ्यावर आलेले खलाशी करायचे असं सांगतात. जहाजाची शिडं काय आणि रंगमंचाचे पडदे काय, दोर आणि कप्पीच.

घरी येऊन मी मनिला कशापासून करतात ते वाचलं आणि उठून बसले. अबाका नावाच्या झाडाच्या बुंध्यातला वाख. फिलिपिन्समध्ये होतो. आणि अबाका म्हणजे केळीची सख्खी चुलत बहीण, वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातली आणि एकाच गोत्रातली. फक्त हिची फळं खात नाहीत, बुंधा सोलतात. केळीच्या झाडाला दोरीनं बांधण्यात माझं लहानपण गेलं, आणि जगभरचे पडदे शंभर वर्षं केळीच्या बहिणीवर लटकत होते. घड उतरवल्यावर आमच्याकडे बुंधे कापून बांधावर टाकतात. आता त्याचाही वाख काढतात काही ठिकाणी. भावाला फोन केला. तो म्हणाला, "बरं." एवढंच.

मग हिशेब. १२ मिलिमीटर जाडीचा चांगला नवा मनिला दोर साधारण हजार किलोच्या आसपास तुटतो. पण डोक्यावर लटकणाऱ्या वस्तूसाठी तुटण्याच्या वजनाचा दहावा भागच धरायचा, म्हणजे १००. गाठीच्या जागी दोर वाकतो, बाहेरचे तंतू ताणतात, आतले दबतात, म्हणून ताकद आणखी घटते. बोलाइनमध्ये साधारण दोन तृतीयांश उरते, काही गाठींत निम्मीच. मी निम्मी धरली. ५० किलो. खिडकी १४ किलोची, दोन दोर. कॅश जुळली.

जुळली, असं मला वाटलं. आबांनी विचारलं की वरून दोन जागी बांधणार की एका. मी म्हटलं, एकाच हुकाला, दोन्ही कोपऱ्यांतून दोर वर नेऊन. दिसायला बरं आणि दोर कमी लागतो. आबांनी नातवांना हाक मारली. दोघांच्या हातात दोराची टोकं दिली, मधे पाण्यानं भरलेली बादली अडकवली आणि म्हणाले, दोर सरळ करा. पोरं जवळजवळ उभी होती तोवर बादली आरामात उचलली. लांब होत गेली तशी तोंडं लाल झाली. दोर पूर्ण सरळ काही झाला नाही, बादली मधे लोंबतच राहिली आणि धाकटा पालथा पडला.

घरी भाच्याच्या अकरावीच्या पुस्तकातून पुढचं कळलं. दोन दोर उभे सरळ असले तर प्रत्येकावर ७ किलो. दोघांमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण १४. आणि १५० अंश झाला तर प्रत्येकावर २७! खिडकी तीच, एक ग्रॅमही वाढली नाही. बांधणाऱ्याच्या हौसेचं वजन तेवढं वाढलं. कप्पीचंही तसंच. वर एक कप्पी लावून खाली दोर ओढला तर आपल्याला वाटतं १४ किलोच उचलतोय, पण वरच्या तुळईवर खिडकीचे १४ आणि आपल्या ओढण्याचे १४, असे २८ येतात. दोर उभेच ठेवायचे ठरलं, आणि कप्पी रद्द.

या सगळ्यात एक गोष्ट मी माझी म्हणून घातली. दोन्ही दोरांबरोबर एकेक बारीक पोलादी तार, किंचित ढिली, स्वतंत्र बांधलेली. दोर गेलाच तर खिडकी चार बोटं खाली येऊन थांबेल. आबांना ती तार पाहून राग आला, त्यांच्या गाठीवर अविश्वास म्हणून. मी म्हटलं, आबा, अविश्वास माझ्या गाठीवर आहे. मग गप्प बसले.

पक्की चाचणी लिंबावर. आबांच्या घरात नवी दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, आलेली नव्हती, मागच्या वर्षीची होती. ३० किलोचं पोतं, म्हणजे खिडकीच्या दुपटीहून थोडं जास्त. माझ्या हातानं बांधलेलं, वर "ही", खाली "ती". रात्रभर ठेवायचं ठरलं होतं. सकाळी आबांनी दोराच्या मोकळ्या टोकावर कोळशानं केलेली खूण पाहिली. ती होती तिथेच होती. पण पोतं उतरवू दिलं नाही. "तुनं नाटक व्हवाले तवशी ऱ्हाऊ दे." म्हणजे नाटक होईपर्यंत ते तिथेच. त्यांच्या सुनेनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही.

राहिली "यात्रेवाली". शेवटच्या प्रवेशात खिडकीवर वरून एक पांढरं कापड झपकन पडतं. हे दिग्दर्शकांना कधी सुचलं, ते सांगायला नको. कापड वरच्या एका काठीला तीन सुरगाठींनी धरायचं आणि विंगेतून एक दोर ओढला की तिन्ही एकदम सुटायला हव्यात. यात्रेत पाऊस आला की आबा कनाती अशाच पाडायचे. सुरगाठ म्हणजे टोक पूर्ण न ओढता त्याचा दुमडलेला पदर आत अडकवायचा. टोक खेचलं की पदर निसटतो. हलक्या कापडासाठी ठीक. वजनाच्या वस्तूला ही गाठ कुणी बांधताना दिसलं तर मी आता त्याचा हात धरेन.

आमची डावी सुटायची, उजवी सुटायची, मधली नाही. कापड दोन्हीकडून पडून मधे टांगलेलं, वाळत घातलेल्या धोतरासारखं. अकरा वेळा. दोरी बदलली, मऊ सुती घेतली. तिन्ही टोकांची लांबी सारखी केली. तरी तेच. शेवटी आबांनी मधलं टोक हातात घेतलं, चाचपलं आणि माझ्यासमोर धरलं. टोक उसवू नये म्हणून मी त्याच्या शेवटी एक छोटीशी, पक्की निरगाठ मारली होती. सुटताना तीच पदरात अडकत होती. आजीचे संस्कार. तिथे दोऱ्यानं टोक आवळलं आणि बाराव्या वेळी कापड पडलं.

राज्य नाट्य स्पर्धेचा प्रयोग जळगाव केंद्रावर होता. आदल्या दिवसापासून माझ्या पोटात गोळा. आबांना टेम्पोत पुढे बसवून नेलं. सभागृहात गेल्यावर सगळे स्टेज बघत होते, आबा वर बघत होते. "वर काय शे?" दोर कितीही चांगला असो, तो ज्याला बांधलाय त्याच्यापेक्षा पक्का होत नाही. पुढच्या बाजूला दिव्यांचा पाइप होता, दिव्यांनी आधीच लगडलेला. तिथल्या माणसानं सहज सांगितलं, याला मारा. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, सगळे मारतात. मी परत नाही म्हटलं. अर्धा तास त्यात गेला, आमच्या नेपथ्याच्या वेळातला. दिग्दर्शक घड्याळ दाखवत होते. शेवटी मागच्या बाजूला छताच्या तुळईत बसवलेला पक्का आडवा पाइप मिळाला. खिडकी ठरल्यापेक्षा तीन फूट मागे गेली, सगळी प्रकाशयोजना हलली आणि लाइटवाला माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

पाइप गुळगुळीत होता. मी आधी गोणपाटाची पट्टी गुंडाळली, मग दोर. पूर्ण वेढा, दोन अर्ध्या गाठी, हातभर टोक. खाली बोलाइन. तारा. मग खिडकीला स्वतः लोंबून पाहिलं, पाय जमिनीला टेकलेले ठेवून, हळूहळू भार देत. आबा स्टेजवर मांडी घालून बसले होते. त्यांनी प्रत्येक गाठीचं फक्त टोक मोजलं.

तिसरी घंटा झाली. मी डावीकडच्या विंगेत, हातात कापडाचा दोर. म्हातारीनं त्या दिवशी खिडकीवर तालमीत कधी आपटले नव्हते इतक्या जोरात हात आपटले. मी नाटक पाहिलं नाही. दोन तास मी डाव्या दोराचं मोकळं टोक पाहत होते. वर निळ्या उजेडात ते जेमतेम दिसायचं. कापड पडलं. तिन्ही एकदम.

पुढच्या संस्थेचं सामान दारात उभं होतं, आम्हाला पंधरा मिनिटं होती. माझ्या गाठी अंगठ्यानं मागे ढकलल्या की मोकळ्या होत होत्या. एकच राहिली. खिडकी गोल फिरू नये म्हणून खालच्या कोपऱ्यातून विंगेकडे एक बारीक दोरी ताणली होती, ती आमच्या एका मुलानं घाईत बांधली होती. त्यानं जीव ओतला होता तिच्यात. खाली सगळे "कापा, कापा" ओरडत होते, कुणीतरी कटर दिला, आणि मी वीतभर तुकडा गाठीसकट कापून पर्समध्ये टाकला.

परत येताना पाळधी गेलं, धरणगाव गेलं, मी टेम्पोत हेअरपिननं ती गाठ उकरत बसले होते. आबा शेजारी पेंगत होते. अमळनेर जवळ आलं तसे जागे झाले.

"सुटनी का?"

"नाही, आबा."

"मंग ऱ्हाऊ दे. पोतं उतारानं शे."

रात्रीचे अडीच वाजले असतील. मोबाइलच्या उजेडात मी लिंबाखाली स्टूल ठेवलं. नातवाला उठवून पोतं खालून धरायला लावलं आणि वरच्या गाठीला अंगठा लावला. दोन अर्ध्या गाठी सरकल्या, मग वेढा, आणि पोतं हळू हळू खाली आलं. सकाळी सुनेनं ते तोललं. २९ किलो. एका कोपऱ्याला चिमण्यांनी भोक पाडलं होतं.